आधी बघा : नर घोड्याच्या जननेंद्रियाच्या कर्करोगाविषयी

निपाणीहून चिकोडीकडे जाताना रस्त्याकडेच्या एका वस्तीवर पत्र्याच्या शेडात एक पांढरा घोडा बांधलेला होता. वय अठराच्या आसपास. लग्नसराईत नवरदेवाला मिरवणारा, बँडच्या आवाजाला न बुजणारा, गुणी जनावर. मालकाचा निरोप एवढाच होता, "डाक्टर, घोडं मुतताना पाय झाडतंया." हा मालक घोड्यातला जाणकार. दात बघून वय सांगणार, नालबंद चुकला तर त्याला परत बोलावणार, खरारा स्वतःच्या हाताने करणार, चंदी स्वतः मोजून घालणार. त्याला मी विचारलं, "खालचं शेवटचं कधी बघितलंस?" त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि हसला. "तिकडं कोण बघतंय, डाक्टर?"

हा सगळा विषय त्या एका वाक्यात अडकून पडला आहे.

त्या दिवशी आम्ही घोडा लघवी करीपर्यंत थांबलो. धार एक न पडता दोन फाट्यांनी पडली, आणि खालच्या कडब्यावर दोन-तीन तांबडे थेंब दिसले. शेवटी शेवटी माशा घोंगावत होत्या. झायलाझीनची सुई दिल्यावर दहाएक मिनिटांत मान खाली आली आणि शिश्न आपोआप बाहेर सैल सुटलं. कोमट पाण्याने करडा-काळा मळ हळूहळू सोडवला. पुढच्या बोंडाच्या कडेला लिंबाएवढा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत उंचवटा होता, हात लागताच रक्त येणारा. मालकाची नजर त्या गड्ड्यावरच खिळली. माझी मात्र त्याच्यापासून दोन बोटं मागे असलेल्या, नखाएवढ्या दोन फिकट चट्ट्यांवर गेली. सपाट, किंचित खरखरीत, न दुखणारे. ते चट्टे गड्ड्याइतकेच महत्त्वाचे का, हे ज्याला कळलं त्याला या विषयाचं दार उघडलं असं मी मानतो. पुढची प्रकरणं वाचायला बसलेल्या तरुण पशुवैद्यांना आणि घोडेवाल्यांनाही मी त्याच दाराशी नेणार आहे.

सीमाभागात घोड्याचं डॉक्टर होणं म्हणजे थोडं मागे राहिलेल्या जगात काम करणं. एके काळी निपाणीकर आप्पा देसायांची पागा एवढी नावाजलेली होती की १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मोहिमेत त्यांचं घोडदळही होतं. आता देशभर घोडे आणि तट्टं मिळून २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, ती २०१९ ला साधारण ३ लाख ४० हजारांवर आली. तरीही बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, कागल या पट्ट्यात घोडा संपलेला नाही. वरातीचा घोडा आहे, गाडीच्या शर्यतीचा घोडा आहे, मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहणारं धनगरांचं तट्टू आहे. कन्नड बोलणारा त्याला 'कुदुरे' म्हणतो, आपण घोडं म्हणतो. आजार दोन्ही भाषांत तोच असतो, आणि लाजही तीच.

निपाणीत कॅन्सर म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा तंबाखू येते. ते साहजिक आहे, इथल्या विडीने किती घरं पोसली आणि किती घशांना गाठी आणल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घोडा तंबाखू खात नाही. त्याचा हा कर्करोग वेगळ्या वाटेने येतो, आणि ती वाट शोधायला माणसांच्या शास्त्राला दोनशे वर्षांवर काळ लागला.

१७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या कातडीवर कर्करोग होतो आणि त्याचं मूळ काजळीत आहे, असं लिहिलं. तेव्हापासून गुप्तांगाचा कॅन्सर म्हणजे मळाचा कॅन्सर ही समजूत पक्की झाली. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरवर लिहिलं. कमरेवर धोतराची घट्ट गाठ जिथे वर्षानुवर्षं घासते तिथली कातडी आधी बदलते आणि मग तिथेच कर्करोग उठतो. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, प्लाउट आणि कोन-स्पेयर यांनी घोड्याच्या लिंगावरचा मळ काढून तो उंदरांच्या कातडीखाली घातला, आणि काही उंदरांना गाठी झाल्या. एवढ्यावर पुढे कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांतून एकच सल्ला चालत राहिला : घोड्याचं खाली धुवा, कॅन्सर होणार नाही.

हा सल्ला अर्धाच खरा आहे. २०१० साली स्केस, ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या जननेंद्रियाच्या कर्करोगात एक पॅपिलोमा विषाणू दाखवला. त्याचं नाव इक्वस कॅबेलस पॅपिलोमाव्हायरस-२. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जो एचपीव्ही असतो, त्याच्याच कुळातला हा. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं हे विषाणू निकामी करतात आणि लगाम तुटला की पेशी सुटते. मळ स्वतः गुन्हेगार असण्यापेक्षा तो विषाणूला घर देणारा आणि कातडीला सतत चरचरत ठेवणारा साथीदार आहे, असं आज आपण म्हणू शकतो. हा विषाणू निरोगी घोड्यांतही सापडतो. म्हणजे सापडला की कर्करोग झालाच असं नाही, पण कर्करोगात तो वारंवार सापडतो.

एक प्रश्न प्रत्येक मोतद्दार विचारतोच : "मला लागंल का हो?" नाही. पॅपिलोमा विषाणू बहुधा आपापल्या जातीला धरून असतात आणि घोड्याचा विषाणू माणसात रोग करत नाही. हातमोजे घालायचे ते इतर जंतूंसाठी.

आता त्या पांढऱ्या रंगाबद्दल. आपल्याकडे पांढरा घोडा म्हणजे शुभ, पण पशुवैद्याला पांढरे घोडे दोन प्रकारचे दिसले पाहिजेत. एक सब्जा : जन्मतः काळा किंवा तांबडा आणि वय वाढेल तसा पिकत जाणारा, बाहेरून पांढरा पण कातडी काळी. दुसरा नुकरा : कातडीच गुलाबी, डोळ्यांच्या कडाही गुलाबी. लग्नाच्या मांडवात दोघे सारखे शोभतात, रोग मात्र वेगळे घेऊन येतात. सब्ज्याला शेपटीखाली, गुदाभोवती आणि शिश्नाच्या आवरणावर काळ्या, गोल, टणक गाठी येतात. तो मेलॅनोमा. पिकत जाणाऱ्या रंगामागचा जनुकबदल स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २००८ साली उलगडला आणि तोच बदल या गाठींची शक्यता वाढवतो. या गाठी बहुधा संथ असतात, पुष्कळ वर्षं घोडा त्यांच्यासह काम करतो, पण त्या संथच राहतील याची हमी नसते. गुलाबी कातडीवर मात्र शल्कपेशींचा कर्करोग, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, जास्त उठतो. पंचकल्याणी किंवा अबलख घोड्याचं शिश्न ठिपक्याठिपक्यांचं गुलाबी असेल तर तोही याच यादीत. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर नर घोड्याच्या बाह्य जननेंद्रियावरच्या गाठींत याच प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आपल्या पट्ट्यातल्या पशुवैद्याला ही पेशी परकी नाही. खिलारी बैलाचं शिंग एका बाजूला कलतं, तो डोकं झटकतो, एका नाकपुडीतून रक्त येतं आणि शिंग कापलं की आत कुजकट मांस निघतं, तो शिंगाचा कॅन्सर याच शल्कपेशींचा असतो. एकाच जातीची पेशी, एकदा शिंगाच्या पोकळीत बिघडली, एकदा शिश्नाच्या बोंडावर. बैलाचं शिंग मात्र सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याची गावभर चर्चा होते.

घोड्याच्या बाबतीत पहिली अडचण ओळखण्याची. इथे मी माझी एक चूक सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शर्यतीच्या घोड्याच्या शिश्नावरची ओली जखम मी उन्हाळी जखम समजलो होतो. उन्हाळ्यात पोटातल्या हॅब्रोनेमा जंताच्या अळ्या माशी ओल्या जागी सोडते, तिथे मांस फुगतं, खाज येते, आणि त्या मांसात तांदळाच्या कणीसारखे पिवळट दाणे दिसतात. थंडी आली की जखम बसते. मी आयव्हरमेक्टिन दिलं, वाट पाहिली, पुन्हा दिलं. दाणे नव्हते, ही गोष्ट मला दिसली होती आणि मी ती बाजूला ठेवली. पावसाळा गेला, थंडी आली, जखम बसायच्या ऐवजी खोल गेली. घोडा पुन्हा तपासला तेव्हा शिश्नाचा पुढचा भाग हाताला लाकडासारखा कडक लागला. तो कडकपणा चांगला नसतो. त्या घोड्याला शेवटी दयामरण द्यावं लागलं. तेव्हापासून माझ्या वहीत एक नियम आहे : घोड्याच्या शिश्नावरची जखम तीन आठवड्यांत बरी होत नसेल तर तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलाच पाहिजे.

आता भवितव्याबद्दल, ज्यासाठी मालक आपल्याकडे येतो. "वाचंल का?" या प्रश्नाला चार बाजूंनी उत्तर द्यावं लागतं.

पहिली बाजू गाठीच्या तोंडवळ्याची. फ्लॉवरसारखी बाहेर वाढलेली गाठ भीतीदायक दिसते, पण ती वर वाढत असते. तिच्यापेक्षा सपाट, खड्डा पडलेली, कडा कडक असलेली आणि आत शिरणारी जखम जास्त वाईट. सामान्य माणसाचा अंदाज इथे उलटा पडतो. मोठं ते घातक, लहान ते किरकोळ हा हिशेब सोडून द्यायचा.

दुसरी बाजू पेशीची. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या गाठीतल्या पेशी अजून आपलं मूळ काम विसरलेल्या नाहीत, केराटिन बनवतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मोत्यांची वर्तुळं करतात, ती गाठ चांगल्या श्रेणीची. जिथे पेशी ओळखूच येत नाहीत, केंद्रकं वेडीवाकडी आणि विभाजनं जागोजागी दिसतात, ती गाठ लवकर पसरते. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन टॉप आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शिश्न आणि आवरणावरच्या गाठी असलेल्या ११४ घोड्यांची जी मांडणी केली, तिच्यानंतर गाठीचं वर्गीकरण एका ठरावीक पद्धतीने करावं हा आग्रह बळावला. मला त्या कामाची किंमत याचसाठी वाटते. एका दवाखान्याच्या 'वाईट गाठ' या शेऱ्याचा दुसऱ्या दवाखान्याला काही उपयोग नसतो.

तिसरी बाजू खोलीची. कर्करोग कातडीतच आहे, की खालच्या स्पंजासारख्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात उतरला? मघाचा लाकडी कडकपणा म्हणजे हे उतरणं.

चौथी बाजू जांघेतल्या गाठींची. मांडीच्या आत, आवरणाच्या दोन्ही बाजूंना हात घालून लसिका ग्रंथी चाचपायच्या. मोठ्या लागल्या म्हणून लगेच हातपाय गाळायचे नाहीत, कारण वरच्या जखमेत पू असेल तर ग्रंथी त्यानेही सुजतात. सुईने पेशी काढून बघायच्या. तिथे कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर मात्र मालकाला सरळ सांगायचं, घुमवायचं नाही.

आणि आता ते दोन फिकट चट्टे. हा रोग एका रात्रीत गाठ होऊन येत नाही. आधी सपाट चट्टा, मग चामखिळीसारखी वाढ, मग कातडीच्या पातळीतच राहिलेला कर्करोग, आणि मग आत शिरणारा. एकाच शिश्नावर या सगळ्या पायऱ्या एका वेळी शेजारीशेजारी असू शकतात. गड्डा कापून चट्टे ठेवले तर रोगाचं बियाणं तिथेच राहतं. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उगवणाऱ्या गाठींपैकी काही खरं म्हणजे आधीच तिथे होत्या, आपण त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्या निपाणीच्या घोड्याचं शिश्न अंशतः कापलं, चट्ट्यांसकट, आणि मूत्रमार्गाला नवं तोंड दिलं. हे ऐकून मालक हबकतात. त्यांना वाटतं घोडा संपला. पण १९९१ साली हॉवर्थ, ल्यूक आणि पिअरसन यांनी आणि २००० साली मेअर, वॉम्सली आणि फिलिप्स यांनी ब्रिटनमध्ये, दुसऱ्या मांडणीत ४५ घोड्यांच्या अनुभवावर, हेच दाखवलं की वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेनंतर घोडा पुष्कळदा नीट जगतो. सपाट आणि उथळ रोगाला फाइव्ह-फ्लुरोयुरासिलचं मलम, गोठवून जाळणं, किंवा गाठीत सिस्प्लॅटिन हेही मार्ग आहेत, त्यांच्यावर पुढे वेगळं प्रकरण आहे. आमचा घोडा पुढचे तीन हंगाम वरातीत चालला. लघवीची धार थोडी मागे पडते म्हणून मालक हसायचा, तेवढंच.

परदेशी आकडे इथे आणताना एक सावधानता. युरोपातल्या मांडणीत खच्ची केलेले घोडे भरपूर दिसतात, कारण तिथे बहुतेक नर खच्ची केलेलेच असतात. आपल्याकडे शर्यतीचा आणि वरातीचा घोडा पुष्कळदा अंडी शाबूत असलेला असतो. म्हणून खच्चीकरणाने हा रोग वाढतो की घटतो हे त्या आकड्यांवरून काढू नका. व्यवहारात मात्र फरक पडतो : अंडी असलेल्या घोड्याचं शिश्न कापायचं तर आधी खच्ची करून काही आठवडे थांबावं, नाहीतर ताठरतेने टाके तुटतात. आणि तपासणीसाठी अशा घोड्याला एसेप्रोमेझिन देऊन शिश्न बाहेर काढायचा मोह टाळा. क्वचित ते बाहेर आलेलं पुन्हा आत जात नाही, आणि तुमची तपासणीच नवा आजार ठरते.

धुण्याच्या सवयीवरही जपून बोलावं लागतं. मालकाला धुवा म्हटलं की काही जण डेटॉल आणि कपड्याचा साबण घेऊन बसतात. आतल्या कातडीवरचे निरुपद्रवी जंतू त्याने मरतात, कातडी फुटते, आणि आपण ज्या चरचरीला घाबरतो तीच सुरू होते. कोमट पाणी, मऊ कापड, वर्षातून दोनदा. बोंडाच्या टोकाशी मूत्रमार्गाभोवतीच्या खळग्यात मळाचा हरभऱ्याएवढा, कधी त्याहून मोठा खडा बसतो, तो बोटाने अलगद काढायचा. धुण्याचा खरा फायदा स्वच्छतेत कमी आणि बघण्यात जास्त आहे. वर्षातून दोनदा धुणारा माणूस वर्षातून दोनदा बघतो. नखाएवढा चट्टा नखाएवढा असतानाच सापडतो.

बघितल्याने काय होतं, याचं माणसांतलं उदाहरण आपल्या जवळच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शी आणि मुंबईच्या डॉक्टरांनी खेड्यापाड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. २००९ साली आलेल्या निष्कर्षात, ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होते. त्या बायकांनाही आधी लाज आडवी आली असणार. पाटलांच्या वाड्यात, शाळेच्या खोलीत पडदा लावून तपासून घ्यायला कोण तयार होतं? तरी त्या आल्या. घोड्याला लाज नसते, ती आपली असते.

आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला साळोत्री म्हणत, शालिहोत्राच्या नावावरून. त्या परंपरेत घोड्याच्या भोवऱ्यांची, रंगांची, चालीची इतकी बारीक नोंद आहे की कुणी म्हणावं, एवढं बघणाऱ्यांच्या वंशजांना हा एकच अवयव बघायला अवघड का जावं. मी त्याचं उत्तर शोधत बसत नाही. तरुण सहकाऱ्यांना मी इतकंच म्हणतो की मालकासमोर संकोच करू नका आणि विनोदही करू नका. त्याचा टॉवेल तोंडाला गेला तर थांबा, मग कोमट पाणी मागवा. पाणी आणायला माणूस उठला की निम्मं काम झालेलं असतं.

आणि एक विनंती, जी या पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. कापलेली गाठ उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यापुढे तर नाहीच. गाठीची कड आणि जवळची निरोगी दिसणारी कातडी येईल असा तुकडा घ्या, तुकड्याच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा, बाटलीवरच्या चिठ्ठीवर घोड्याचं वय, रंग, कातडी गुलाबी की काळी, खच्ची की नाही, आणि गाठ पहिल्यांदा कधी दिसली, एवढं पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई फॉर्मलिनने उतरते. मग ती बाटली जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे, शिरवळला, मुंबईला किंवा बिदरला, पाठवा. एक वर्षाने त्या मालकाकडे पुन्हा जा आणि घोडा कसा आहे ते त्याच वहीत लिहा.